नाकेदाराच्या घरची झडती

अमरावती, ९ जानेवारी १९६१

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. घरात कोणीतरी माझ्याशी खोटं बोलत आहे आणि ते कोण, हे मला शोधून काढायचं आहे.

सकाळी चुलीमागच्या कोनाड्यात गोटा सापडला. मुठीएवढा, गोल, शेंदूर फासलेला. शेंदूर अजून ओला होता. मी नगरपालिकेचा जकात नाकेदार, चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या नाक्यावर बसतो. सरकीच्या पोत्यांखाली तुपाचे डबे दडवणारे रोज पाहतो. माल दडवणारा माणूस एक चूक हमखास करतो, दडवलेल्या जागेकडे चुकूनही पाहत नाही. माझी बायको जमुना सकाळपासून त्या कोनाड्याकडे एकदाही पाहत नव्हती.

आमच्या घरात देव! छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्याच आठवड्यात माझ्या मायनं, पार्बताबाईनं, घरातले सगळे देव टोपल्यात भरून पूर्णेत सोडले. मरीमायसुद्धा. बाकीच्या बाया रडत होत्या, माय नाही रडली. "लई दिवस आमी तुमाले पोसलं, आता जा," म्हणाली. त्यामुळे मायनं गोटा आणणं शक्य नाही. पोरगी शालू सतरा वर्षांची, तिला शेंदूर कशाशी खातात ते ठाऊक नाही. मी आणला नाही. मग राहिलं कोण?

त्यात मी वस्तीतल्या बौद्ध मंडळाचा चिटणीस. मागच्याच महिन्यात घराघरांतून जाऊन जुने देव कोणी ठेवलेत का ते मीच पाहिलं. एका घरी पिठाच्या डब्यात देवी सापडली. ते नाव मी सभेत उभं राहून वाचलं आणि वर्षभर त्या घरी कोणी जायचं नाही असं ठरलं. आता माझ्या घरचं नाव कोण वाचणार?

गोटा नालीत फेकला. जमुनाला बोललो नाही. मुद्देमाल सापडला म्हणून लगेच बोंब मारायची नसते, आधी मालक कोण ते पाहायचं असतं.

१३ जानेवारी

आज दुसरा गोटा. शिवाय टोपलीत तूप लावलेली गव्हाची पोळी. या महिन्यात आमच्या घरात गहू आलेलाच नाही.

मायनं मला अंगणात बोलावलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "पुंजा, तुही बायको मले जेवू देत नाई. सकाळपासून पोटात दाना नाई माह्या."

डोक्यात तिडीक गेली. घरात जाऊन जमुनाला नको ते बोललो. तिचा पिठातला हात थांबला. शालू म्हणाली, "बाबा, आजीनं आताच तं..." जमुनानं तिच्याकडे पाहिलं तशी पोरगी गप्प झाली.

"जेवू घालतो त्याहीले," एवढंच जमुना म्हणाली, आणि मायला पुन्हा ताट वाढलं. माय पोटभर जेवली. यावरून ती उपाशी होती हे सिद्ध झालं. जमुना आणि शालू, दोघींची मिलीभगत आहे. परक्याच्या घरची पोळी आणायची, गोटा पुजायचा आणि म्हातारीला उपाशी ठेवायचं. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही.

२ फेब्रुवारी

आजचं लिहायचं नव्हतं, तरी लिहितो.

नाक्यावर वरूडकडचे दोन गाडीवान संत्र्याच्या गाड्या घेऊन उभे होते. मी आत पावत्या फाडत होतो, त्यांना वाटलं मला ऐकू जात नाही. एक म्हणाला, "इथला नाकेदार लई कडक हाय बाप्पा." दुसरा म्हणाला, "कडक कायचा? त्याची बुढी तं देशमुखाच्या दारात भाकर मांगते." आणि दोघं हसले.

मी त्याची सगळी गाडी रिकामी करवली. काही निघालं नाही.

दुपारी सायकल काढली आणि रामराव देशमुखांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं माय आली. झपझप चालत होती, वाट पाठ असल्यासारखी. पायरीपासून लांब उकिडवी बसली, पदर पसरला आणि मी लहानपणी रोज ऐकलेला तोच सूर काढला, "जोहार माय, भाकर वाढा वं माय!"

रामरावांची बायको दुर्गाबाई बाहेर आली आणि तिनं वरून पोळी पदरात टाकली.

मी पुढे गेलो नाही. मायला हाक मारली नाही. गावकीची भाकर मागणं आमच्या बापानं सोडलं, मालकापुढे वाकून घालायचा जोहार आम्ही सोडला, तो शब्द आमच्या वस्तीत आता कोणी थट्टेतसुद्धा उच्चारत नाही. आणि माझी माय अमरावतीत, भर दुपारी, नाकेदाराची आई असून! लाज वाटली, एवढंच लिहितो. लाज वाटली आणि मी सायकल वळवली.

३ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. हा देशमुखांचा डाव आहे. मंडळाच्या चिटणिसाच्या मायलाच पोळीच्या आमिषानं दारात बसवायचं, म्हणजे सगळ्या शहरात सांगता येतं, पाहा, यांनी धर्म बदलला तरी यांची सवय गेली नाही. शेंदूरही तिथूनच येत असणार.

सकाळी तडक गेलो. दुर्गाबाई दारात आल्या. मी "जय भीम" म्हटलं आणि पुढे म्हणालो, "माझ्या आईला इथं बोलावू नका."

"मी काऊन बोलावन?" त्या म्हणाल्या. "थ्या आपल्यानं येते. मी म्हनलं, आत्याबाई, आत या, पाटावर बसा. थ्या पायरी चढत नाई. ताटात देतो म्हनलं तं म्हने, ताट बाटन तुमचं. मंग उपाशी लावू का म्हातारीले?"

"वरून टाकत होतात तुम्ही. मी पाहिलं."

"मी वाकली तं थ्या मांगं मांगं सरकते, नाकेदार. मांगं नाली हाय, पडल्या असत्या."

बाई चांगली तयारीची आहे. सगळ्याला उत्तर ठेवलं आहे. एवढी उत्तरं तयार असतात ती ज्याला चौकशी होणार हे आधीच ठाऊक असतं त्याच्याकडे. मी म्हणालो, "यापुढे देऊ नका." त्या म्हणाल्या, "थ्या बसल्या राहीन उन्हात." मी निघून आलो.

५ फेब्रुवारी, रविवार

आज जमुनाला धरलं. गोटा तिच्या हातात होता. मी म्हणालो, "आता बोल."

ती बोलली. मला वाटलं होतं रडेल, ती रडली नाही.

"हा गोटा मायनं आनला. रोज आनते. कुठून आनते काय म्हाईत, शेंदूर बजरंगबलीच्या पारावरून खरडते. मी रोज धुऊन फेकतो, दुसऱ्या दिवशी थ्या नवा आनते. मांगच्या पावसाळ्यापासून चालून राहिलं हे. जेवल्या का जेवली नाई म्हनते. मामंजी वावरातून आले नाईत म्हनून दारात बसते."

माझा बाप जाऊन बारा वर्षं झाली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तं तुमी सभेत नाव वाचलं असतं," ती म्हणाली आणि गोटा धुवायला मोरीवर गेली.

असं कसं म्हणते ही? स्वतःच्या मायचं नाव मी वाचलं असतं? वाचलं नसतं. दुसऱ्याच्या घरी सापडला असता तर वाचलं असतं. म्हणजे मी कसा माणूस झालो, असं हिला म्हणायचं आहे. पण हे सगळं खरं कशावरून? मायला कोणी पढवून पाठवत नसेल कशावरून?

६ फेब्रुवारी

मायची तपासणी केली. मी कोण? "माहा पुंजा." ही कोण? "जमुना." आपण कुठे राहतो? माय हसली, "येडा झाला का बे?" सगळी उत्तरं बरोबर. मी जमुनाकडे विजयानं पाहिलं.

मग माय उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "दिवस बुडाला. तुहा बाप आला नाई अजून. पाटलानं चावडीत तं नाई ना कोंडला?"

तपासणी तिथंच बंद केली.

२६ फेब्रुवारी, रविवार

शालूचं ठरत आलेलं लग्न आज मोडलं असं समजतो.

अकोल्याचे पाहुणे आले होते. मुलगा शिक्षक आहे. त्याचे वडील पंजाबराव जिनिंगमध्ये काम करतात आणि तिथल्या मंडळाचे मोठे कार्यकर्ते आहेत. तारीख पक्की करायची होती. पंजाबराव आल्यापासून घर न्याहाळत होते. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, कोनाडे, मोरी, सगळं. मी ओळखलं, हा माणूस झडती घेतोय. माझंच काम तो माझ्या घरात करत होता.

मायला मी सकाळीच मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. जमुना आडवी आली. मी म्हणालो, तासाभराचा तर प्रश्न आहे. तिनं कडीवरचा हात काढला, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

चहा झाला. तारीख निघणार एवढ्यात आतून आवाज आला.

"जोहार मायबाप! सोडा मायबाप! काय गुन्हा झाला मालकाचा? घरी लेकरू एकटं हाय माहं, सोडा!"

तिला वाटलं गावच्या चावडीत कोंडलं. माझ्या लहानपणी एकदा खरंच तिला कोंडलं होतं. मी बाहेर दगडावर बसून होतो, ते लेकरू मीच.

 मी बसूनच राहिलो. पंजाबराव उठले, आत गेले आणि त्यांनी कडी काढली. मायनं त्यांच्या पायाशी डोकं ठेवलं. त्यांनी तिला उठवलं, पाणी पाजलं आणि विचारलं, "कधीपासून?" जमुनानं सांगितलं. मग ते पानावर बसले. पोटभर जेवले आणि "कळवतो" म्हणून गेले. नकार द्यायचा असला की माणूस असाच मनमोकळा जेवतो.

६ मार्च

अकोल्याहून निरोप आला. एकट्यानं येऊन जा. नकार समोर बसवून द्यायचा असेल. आणि आमच्या मंडळाला कळवणार की काय?

९ मार्च, अकोला ते अमरावती, रेल्वेत

बडनेरा येईपर्यंत लिहून घेतो.

पंजाबरावांनी मला घरी नेलं, दार लावलं आणि सरळ मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथं खाटेवर एक म्हातारा बसला होता. पाय मऊ धोतराच्या पट्टीनं खाटेच्या खुराला बांधलेला. "हा माहा मोठा भाऊ," ते म्हणाले, "यानं मले मोठं केलं. आता रस्त्यानं जानाऱ्या कोन्या बी धोतरवाल्याले लवून जोहार घालते. तीन वर्षांपासून घराबाहेर नाई काहाडला."



"तुमच्या घरी मी कायले इतलं पाहून राहिलो होतो, सांगू? माह्या मनात होतं का लग्न अमरावतीले तुमच्याच घरी व्हावं, इथं कोनी येऊ नये, म्हनून जागा पाहून राहिलो होतो. तुमाले शंका आली असन का हा अकोल्याले काऊन नाई म्हनते. तुमी मले भेऊन राहिले होते अन् मी तुमाले."

मग आम्ही दोघं पडवीतच बसलो. पंजाबराव हसायला लागले, मलाही हसू आलं आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न पक्कं आहे.

संध्याकाळी त्यांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे. ढोंग नाही, वेड नाही, करणी नाही. अलीकडचं पुसलं जातं, जुनं उरतं. औषध नाही. बांधू नका, अफू देऊ नका, मारू नका. मोकळं फिरू द्या, बरोबर माणूस ठेवा. आणि वाद घालू नका. ते ज्या काळात आहेत तिथं तुम्ही जा, त्यांना इकडे ओढू नका.

ना सुई, ना गोळी, ना बाटली. असला डॉक्टर मी पाहिला नाही. पंजाबरावांना विचारलं, याची पदवी खरी आहे ना? ते म्हणाले, खरी हाय. घरी पोचल्या पोचल्या त्यांनी भावाच्या पायाची पट्टी सोडली. म्हातारा पाय चोळत बसला आणि उठून कुठेच गेला नाही.

१२ मार्च, रविवार

मंडळाची सभा. अध्यक्ष जानराव गुरुजी, निवृत्त शिक्षक, तत्त्वाला पक्के. त्यांच्या कानावर गेलेलंच होतं, ते त्यांच्या चष्मा पुसण्यावरून दिसत होतं. त्यांनी विषय काढायच्या आधी मीच उभा राहिलो.

"चुलीमागच्या कोनाड्यात शेंदूर लावलेला गोटा सापडला," मी म्हणालो. "घर पुंजाजी तायडे यांचं."

 मग मी सगळं सांगितलं. भाकर, जोहार, कडी, डॉक्टर. पिठाच्या डब्यात देवी सापडली होती त्या घरचा माणूस दाराबाहेर उभा होता, त्याचंही नाव घेऊन म्हणालो की त्याच्या घरी मी म्हातारं कोण आहे हे विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "सासू हाय माही. थ्याच ठेवते देवी डब्यात."

गुरुजी चिडले नाहीत. ते म्हणाले, "पुंजाजी, तुह्या मायबद्दल मले दुख हाय. पन आज एक बुढी इसरली म्हनून आपन सोडलं, उद्या सारेच म्हनतीन आमी इसरलो. बाबासाहेबांनी आपल्याले जे इसराले सांगतलं, थे सोडून दुसरंच इसरून गेले तं कसं?"

प्रश्न खरा आहे. मला जे सुचलं ते बोललो. "गुरुजी, घरात देव किती दडवलेत ते मी पाहून आलो. आता म्हातारे किती दडवलेत ते पाहू द्या. मग ठरवा."

चिटणीसपद गेलं. झडतीची परवानगी मिळाली. बारा जणांनी हात वर केले, त्यातल्या निम्म्यांना मी पुन्हा दारात येऊ नये असंच वाटत असणार.

२ एप्रिल

घरं फिरतो आहे. नाक्याची सुट्टी असली की हेच काम. लोक दार लावून घेतात, त्यांना वाटतं हा परत देव शोधायला आला. एका घरी मी आत जायच्या आधीच बाईनं शपथ घेतली की कोनाडे कोरडे आहेत.

दडवलेलं माणूस कसं ओळखायचं ते मला जमतं. दाराला बाहेरून दुसरी कडी. सगळे समोर जेवत असताना आत जाणारं ताट. भर उन्हात रोज वाळत पडलेली गोधडी. मी विचारत नाही, बसून राहतो. शेवटी घरातली बाई बोलते.

एका घरी म्हातारा गोठ्यात. एका घरी आई अफूवर, जिभेवर पांढरा थर, दिवसभर निपचित. एका घरी करणी म्हणून आजीचे केस काढले होते. मी डॉक्टरनं सांगितलेलं सांगतो. बांधू नका. वाद घालू नका. ती म्हणते तिथं जा. शेजारच्या दोन बायांनी पाळीपाळीनं तासभर बसायचं. काही ऐकतात. काही म्हणतात, तुमची माय देशमुखाच्या दारात बसते आणि तुम्ही आम्हाला शिकवता. तरी मी पुन्हा जातो.

अफूच्या घरी चौथ्यांदा गेलो तेव्हा सून म्हणाली, "आजपासून बंद केली. पन मी एकटी थकून जातो, भाऊ." जमुना आता तिच्याकडे दुपारी बसते. तिनं न सांगता सुरू केलं, मला शालूकडून कळलं. माझ्यापासून अजूनही गोष्टी दडवतेच.

१६ एप्रिल

जमुनाशी भांडण.

माय म्हणाली, तुझा बाप वावरातून आला नाही. मी म्हणालो, येईल, रस्त्यात आहे. बरं वाटलं तिला. गोटा मागितला, मी तोही देतो हल्ली, बिनशेंदराचा. हातात धरून बसते. मग दारावरून एक शिपाई गेला आणि ती उठून वाकली, "जोहार मायबाप." मी तिचा हात धरून ओढला, "माय, जोहार नाही म्हणायचं. जय भीम म्हण. म्हण जय भीम!" तिनं भेदरून डोक्यावर हात घेतले.

जमुना म्हणाली, "लोकाच्या घरी जाऊन सांगता वाद घालू नोका, अन् घरी?"

बाकी सगळं मी करीन. तिला पाहिजे त्या साली जाईन, मेलेल्या बापाची वाट पाहीन. पण त्या एका शब्दाला मी हो म्हणणार नाही. जो शब्द तोंडातून काढून टाकायला आमच्या तीन पिढ्या गेल्या, त्याला आजार म्हणून मान डोलवायची? डॉक्टरला हे कळणार नाही. त्याच्या आईनं कधी जोहार घातला नाही.

१५ मे

काल शालूचं लग्न झालं. पंजाबराव भावाला घेऊन आले, सगळ्यांच्या देखत. माय आणि तो म्हातारा शेजारी बसले होते. त्रिसरण चालू असताना माय मोठ्यानं म्हणाली, "मरीमाय, पोरीले सुखी ठेव." पुढच्या ओळीतल्या माना वळल्या. जमुना म्हणणं न थांबवता तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली आणि भोवतालच्या बायाही म्हणतच राहिल्या. जानराव गुरुजींचा चेहरा मला दिसला नाही. ते नाराज असावेत.

शालू जाताना मायनं विचारलं, "कोनाची पोरगी हाय वं? लई रडून राहिली."

२९ मे

कडक उन्हाचा नवतपा चालू आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

नाक्यावर जमुनाचा निरोप आला, माय कुठे दिसत नाही. मी तसाच सायकलवर निघालो, अंगात नगरपालिकेचा खाकी कोट, डोक्यावर टोपी. कुठे असेल ते ठाऊक होतं. देशमुखांच्या गल्लीच्या वळणावर ती परत येताना दिसली, पदरात पोळी.

तिनं मला पाहिलं. कोट पाहिला, टोपी पाहिली आणि झटकन रस्ता सोडून कडेला उतरली. पदर डोक्यावर ओढला, खाली वाकली. "जोहार मायबाप."

मला. माझ्या मायनं मला.

समोरच्या चहाच्या टपरीवर जानराव गुरुजी मंडळाच्या दोघांबरोबर बसले होते. त्यांनी ऐकलं.

"माय, मी पुंजा," म्हणालो. ती मागे सरकली. "माय, मी तुझा पुंजा, पाहा." ती आणखी मागे सरकली. तिच्या मागे उघडी नाली होती, खोल. तिचं एक पाऊल काठावर होतं. "चुकलं मायबाप, सावली पडली का?" ती म्हणाली आणि पुन्हा मागे पाय टाकायला लागली.

मी सायकल टाकली. कोट काढला, टोपी काढली, तिथंच रस्त्यावर ठेवली. रस्त्यावरून खाली उतरलो आणि तिच्यापासून थोडं लांब, नालीच्या काठाला उकिडवा बसलो. माझ्या तोंडून तो शब्द लहानपणानंतर निघाला नव्हता.

"जोहार माय," मी म्हणालो.

तिचा पाय थांबला. तिनं मला खालून वर पाहिलं. "कोन्या गावचा रे तू?"

"चांदूर बाजारकडचा."

"मंग आपलाच हाय तं. बस, बस. घाबरू नोको, गेला तो साहेब." ती माझ्याजवळ येऊन बसली. पदरातली पोळी काढून तिनं अर्धी मोडली आणि माझ्यापुढे धरली. देशमुखाघरची पोळी. मी खाल्ली.

जानराव गुरुजी उठून आले आणि जवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंही नाही.

माय पदर झटकत होती. उरलेली अर्धी पोळी तिनं पुन्हा गाठीला बांधली.

"हे माह्या पोराले," ती म्हणाली. "तो शाळेत जाते. लई हुशार हाय." मग इकडेतिकडे पाहून तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "त्याले सांगू नोको हं, मी भाकर मांगाले येतो थे. त्याले लाज वाटते."

"नाही सांगत," मी म्हणालो.